गाजराची पुंगी

पार्श्वशेठ विचारतो,
"आयरेकाका, खरं सांगा,
आता कशाला हवेत हे सरकारी लोक?"

प्रश्न वाईट नाही. पोरगा शिकलेला आहे,
कामगाराला अरे-तुरे करत नाही,
केबिनमध्ये बोलावतो, खुर्ची देतो.
मी बसतो, उजवा हात मांडीखाली घेऊन.
सवय.

खैरानी रोड, गाळा नंबर चौदा.
याच्या बापाच्या वेळी पन्नास टनी प्रेस होती.
पायाने पॅडल, हाताने पत्रा,
आणि मनात मोजत राहायचं,
एक, दोन. एक, दोन.
एकला हात आत, दोनला बाहेर.
मजुरी नगावर. गार्ड लावला
की हजाराचे आठशे व्हायचे,
म्हणून गार्ड माळ्यावर.
कुणी चढवला? शेठने नाही.
मीच, स्टुलावर उभा राहून.
हे कुठल्या रजिस्टरात नाही.

एका दुपारी, डबा खाल्ल्यावर,
दोन म्हणायच्या जागी
मी परत एकच म्हणालो.

आधारच्या मशीनने दहा मागितली,
मी आठ दिली.

साहेब लोक त्याआधीही यायचे.
आधी फोन यायचा.
मग चहा, खारी, दिवाळीत काजूचा डबा.
कायद्याचा गोषवारा भिंतीवर होता, काचेत,
वर पतपेढीचं कॅलेंडर टांगलेलं.
हसमुखशेठ म्हणायचा, कायदा म्हणजे गाजराची पुंगी,
वाजली तर वाजली.
पुढचं तो बोलायचा नाही. आम्हाला पाठ होतं.

खोब्रेकरबाई फोन न करता आल्या.
बाजार करून, खांद्याला पिशवी.
मी पट्टी सुटून कामावर आलेलो, महिना झाला असेल.
त्यांनी माझा हात पाहिला, माळा पाहिला,
मेथीच्या जुडीखालून एक गाजर काढलं
आणि डायवर धरलं, टोकाकडून.
"मारा पॅडल."
मी मारलं नाही.
"मारा हो."

आवाजसुद्धा झाला नाही वेगळा.
नेहमीचाच, पत्र्याचा.
शेठच्या पांढऱ्या शर्टावर
दोन-तीन केशरी ठिपके.
बाईंनी हातातला तुकडा पिशवीत टाकला,
"कोशिंबिरीला होईल,"
आणि मशीनला सील ठोकलं.

तिसऱ्या दिवशी गार्ड खाली आला.
सोळा वर्षं कुणाचं काही गेलं नाही.
न घडलेल्याची नोंद कुठे करतात?
या गाळ्यातून गावी गेलेली पोरं
आज कुठेतरी भात कालवत असतील
पाची बोटांनी,
त्यांना खोब्रेकर हे नावही माहीत नाही.
हजार नगांचे आठशे केले म्हणून
त्यांनी तेव्हा शिव्याच घातल्या होत्या.
मीही, थोड्या.

"काका, नवी मशीन बघा ना," पार्श्व म्हणतो,
"प्रकाशाचा पडदा आहे. हात गेला की थांबते.
फॉर्म ऑनलाइन. मीच भरतो, मीच सही करतो.
विश्वासावर चालतं आता जग."
त्याचा विश्वास खोटा नाही, मला दिसतं ते.
फक्त तो खाली फारसा येत नाही.

मी काल खाली होतो.
रामसजीवन, एकवीस वर्षांचा, जौनपूरचा,
त्याने पडद्याच्या डब्यामागे
तांब्याची वायर जोडलीय.
बोटभर लांब.
मजुरी अजून नगावरच आहे.
मी विचारलं तर हसला,
"हमरा हाथ चालू है, काका."
माझाही होता.

वायर मी काढेन. तो परत लावेल.
माझ्याकडे ना सील, ना नोटीस,
मी नुसता आठ बोटांचा माणूस,
आणि माझाही पगार याच केबिनमधून निघतो.

"उद्या सांगतो," म्हणालो आणि उठलो.
संध्याकाळी साकीनाक्याला भाजीवाली म्हणाली,
"पाव किलो देऊ?"
नको. एकच द्या.
"एक गाजर कोण नेतं, मामा?"